तेरची पांढरी ट्रॉलीत बसून चाललीय

मागच्या आठवड्यात तेरला गेलो होतो. काम पीकविम्याच्या बातमीचं होतं. ते आटोपून निघालो तर नदीकडच्या रस्त्याला मातीनं भरलेली एक ट्रॉली पुढं चालली होती. माती पांढुरकी, चुलीतल्या राखेसारखी. खड्डा आला की मागून थोडी सांडायची, आणि सांडलेल्या मातीत दोन लेकरं काहीतरी उकरत होती. मोटारसायकल थांबवली. म्हटलं, काय शोधताय रं? धाकट्यानं मूठ उघडली. हातात एक तांबडा मणी. तुरीच्या दाण्याएवढा, गुळगुळीत, मधोमध आरपार भोक.

"काका, मणी घावतेत. पावसानंतर लई घावतेत."

मणी अकीकाचा होता. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून तो घासला, त्याला भोक पाडलं, कुणाच्या तरी गळ्यात तो होता. आणि आता तो ट्रॉलीतून कुणाच्या तरी प्लॉटच्या भरावाला चालला होता. वाटेत सांडला म्हणून वाचला.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण आपल्या जिल्ह्याचा विषय आहे आणि शेवटी तुमच्या गावाचाही आहे, म्हणून पूर्ण वाचा.

आधी पांढरी म्हणजे काय ते सांगतो, कारण आताच्या पोरांना हा शब्द माहीत नसतो. आपल्याकडं गावाचे दोन भाग. पिकते ती काळी, आणि माणसं राहतात ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं, त्यात काळी-पांढरीचा हा संसार नीट मांडलेला आहे. जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात तिथं चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटकी मडकी, हाडं असं सगळं साठत जातं. एक घर पडतं, त्यावर दुसरं उभं राहतं. जमीन वर चढत जाते आणि मातीचा रंग बदलतो. म्हणून गावाच्या कडेला जो पांढुरका उंचवटा दिसतो ना, ती टेकडी नसते. ते जुनं गाव असतं, उभंच्या उभं खाली गाडलेलं.

असे उंचवटे तेरणेच्या काठाला तेरच्या आजूबाजूला कितीतरी आहेत. धाराशिवपासून हे गाव जवळच. ढोकीला साखर कारखाना झाला, सगळ्यांना ढोकी माहीत झाली, आणि तेर म्हणजे 'ढोकीजवळचं ते गोरोबाकाकांचं गाव' होऊन बसलं. पण एक काळ असा होता की इथलं नाव पार ग्रीक खलाशांच्या तोंडी होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक माणसानं समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावानं ती ओळखली जाते. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कुठं धोका आहे, सगळं व्यापाऱ्याच्या कामाचं. त्यात तो सांगतो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तगरहून साधं कापड भरपूर येतं, मलमलीचे नाना प्रकार येतात. हा माल धड रस्ता नसलेल्या मुलुखातून गाड्यांवर लादून भडोचला नेतात आणि तिथून तो जहाजात चढतो. पुढं दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे.

मग हे तगर कुठलं? एकोणिसाव्या शतकात यावर विद्वानांची चांगलीच जुंपली होती. कुणी दौलताबाद म्हणायचं, कुणी जुन्नर, कुणी धारूर, कुणी कोल्हापूर. १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज संशोधकानं सांगितलं की तगर म्हणजे तेरच. नावावरूनही बघा. नगरचं प्राकृतात नयर झालं आणि पुढं नेर झालं, म्हणून पारनेर, जामनेर, अमळनेर. तसंच तगरचं तयर झालं आणि तयरचं तेर. त्यानंतर हेन्री कझिन्स पुरातत्त्व खात्याकडून येऊन पाहून गेला आणि इथल्या देवळांबद्दल, विटांबद्दल लिहून ठेवलं.

शिलाहार राजे माहीत असतील. कोकणात आणि कोल्हापूरला राज्य केलं त्यांनी. ते स्वतःच्या ताम्रपटांत, शिलालेखांत अभिमानानं 'तगरपुरवराधीश्वर' असं बिरुद लावत. म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगरीचे धनी. राज्य कुठं कोकणात, कोल्हापुरात, आणि मोठेपणा सांगायला नाव आमच्या तेरचं. आज पुण्याला गेलेला आमचा पोरगा मात्र गाव विचारलं की "लातूर साइडला" म्हणून मोकळा होतो. दोष त्याचा नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

१९५८ मध्ये चापेकरांनी इथं उत्खनन केलं. त्यानंतरही वेगवेगळ्या काळात ते होत राहिलं. सातवाहनांची नाणी निघाली, शंखाच्या बांगड्या निघाल्या, मणी तर किती. पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यात काढलेल्या बाहुल्या मिळाल्या, त्यांची केशरचना, दागिने बघत राहावेत. रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकं मिळाली. आणि मिळाली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती, वीतभरसुद्धा नसेल. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथं १९३८ साली एका घरात भारतीय हस्तिदंताची मूर्ती सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती तिच्या बहिणीसारखी आहे. अभ्यासक या दोघींचं नाव बरोबरीनं घेतात. एक बहीण नेपल्सला, एक तेरला. नेपल्सच्या बहिणीला बघायला जगभरातून लोक येतात. तेरच्या बहिणीला बघायला तुमच्यापैकी किती जण गेलात? खरं सांगा.

आता त्या माणसाबद्दल, ज्याच्यामुळं हे आपल्याला बघायला तरी मिळतं. रामलिंगप्पा लामतुरे. याच गावचे. हातात पुरातत्त्वाची पदवी नाही, पाठीशी सरकारी पद नाही. लोकांच्या शेतात, नदीच्या काठाला, पडक्या भिंतीत जे सापडायचं ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं. खापरं, मणी, नाणी, बाहुल्या. तेव्हा लोकांनी वेड्यातच काढलं असणार, फुटकी मडकी घरात आणून ठेवणाऱ्याला आपण दुसरं काय म्हणतो? हजारो वस्तू झाल्या. तो सगळा ठेवा पुढं शासनाकडं आला आणि आज तेरमध्ये त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आहे. लामतुऱ्यांना चांगला भाव देणारं गिऱ्हाईक मिळालं नसतं असं नाही. पण गावचं गावात राहिलं पाहिजे एवढी साधी गोष्ट त्यांना कळत होती. मला विचाराल तर तेरच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पान सातवाहनांचं नाही, या माणसाचं आहे.

देवळांचंही तसंच. त्रिविक्रमाचं मंदिर बघा. मागची बाजू अर्धगोल, वर छत हत्तीच्या पाठीसारखं, सगळं विटांचं. महाराष्ट्रात उभ्या असलेल्या अतिप्राचीन बांधकामांत त्याचं नाव घेतात. अनेक अभ्यासक म्हणतात की हे मूळचं बौद्ध चैत्यगृह, पुढं तिथं त्रिविक्रम आला. काहींना ते पटत नाही. जैनांचंही हे जुनं तीर्थ. अपभ्रंश भाषेतल्या 'करकंडचरिउ' या जैन काव्यात तेरापूर आणि धाराशिवची लेणी दोन्ही येतात. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात ठेवलीय, ती तर बघाच. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून भाजायचे, भुसा जळून जायचा आणि आत पोकळ्या राहायच्या. ही कला या मातीतल्या माणसांची होती.

तेर कुणाचं, यावर अधूनमधून व्हॉट्सअॅपवर भांडणं होतात. बौद्धांचं, वैष्णवांचं, जैनांचं, लिंगायतांचं? अहो, पांढरी एका थराची नसते. वरचा थर खरा म्हणून खालचा खोटा होत नाही. भांडताना एवढं लक्षात ठेवा की आपण भांडतोय तोवर थर ट्रॉलीत भरून चाललेत.

आणि मग गोरोबाकाका. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातले, त्या संतमंडळीत वयानं सगळ्यात वडील, म्हणून सगळ्यांचे काका. शके १२३९, म्हणजे १३१७ साली चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी इथं देह ठेवला. चैत्रात यात्रा भरते, माणसाला माणूस चिकटतो. थापटण्याची गोष्ट तर घरोघरी माहीत आहे. संत जमले होते, काकांनी मडकं तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थोपटत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. ज्या गावाच्या पोटात दोन हजार वर्षांची खापरं आहेत, त्या गावचा संत कुंभार असावा, यात मला तरी नवल वाटत नाही. इथली मातीच तशी.

पण काकांनी आज गावात येऊन आपल्या डोक्यावर थापटणं मारलं तर आवाज कसा येईल? पुढचं त्याबद्दल आहे.

ही पांढरी माती जाते कुठं ते सांगतो. पूर्वीपासून जातेच आहे. आपल्याकडं धाब्याची घरं असायची. लाकडी सरे, वर फळ्या किंवा चिलाटी, आणि त्यावर हात-दीड हात पांढरी माती. ही माती चिवट, पाणी गळू देत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, चोपायची. ती आणायची कुठून? जुन्या पांढरीतून. निजामाच्या राजवटीत तेच, १९४८ च्या सप्टेंबरात मुक्ती मिळाली त्यानंतरही तेच. पण तेव्हा माती पाटीनं, फार तर बैलगाडीनं जायची. खोऱ्याला काही लागलं तर माणूस वाकून बघायचा. लामतुऱ्यांना वस्तू मिळाल्या त्या अशाच वाकून बघणाऱ्या माणसांमुळं.

मग ३० सप्टेंबर १९९३ आला. किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा शाळेत होतो. पहाटेचा तो हादरा आमच्या पिढीतलं कुणीच विसरणार नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्यावरचं ते मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर लोकांचा धाब्यावरचा विश्वास उडाला, आणि बरोबरच होतं. पत्रे आले, स्लॅब आले. औसा, उमरगा भागातली कितीतरी गावं जागा सोडून नव्या वसाहतीत गेली. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, घर चांगलं मिळालं, पण पांढरी सुटली ही खंत अजून आहे. देवाचं ठाणं तिकडं, आपण इकडं.

धाब्याची घरं गेली म्हणजे पांढरी वाचायला हवी होती. झालं उलटं. आता ती भरावाला जाते. शेतात खत म्हणून जाते, कारण राख-शेणाची माती, पिकाला लागते. आणि आता पाटी-खोरं नाही, जेसीबी आहे. खोऱ्याला मणी लागला तर कळतो. जेसीबीच्या बकेटला अख्खी भिंत लागली तरी चालवणाऱ्याला कळत नाही. त्याला तासाचे पैसे मिळतात, थांबून बघायचे नाही मिळत.

इथं मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. बरेच दिवस मनात आहे.

पंधराएक वर्षं झाली असतील. मी नवीन होतो. पत्रकारितेची पदविका घेतलेली, पहिल्या पानावर नाव यावं अशी भूक. याच पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याला गोठ्याचा पाया खणताना मडकं लागलं, त्यात शिशाची काही नाणी होती. मला कुणीतरी फोन केला. गेलो, फोटो काढले. त्या माणसानं चहा पाजला, साधा माणूस, सगळं खुलेपणानं दाखवलं. मी बातमी लिहिली. त्याचं नाव लिहिलं, शेत कुठल्या रस्त्याला आहे तेही लिहिलं. वर छापून आलं 'खजिना सापडला'. मथळा माझा नव्हता, पण तो वाचून मला आनंदच झाला होता, हे लपवत नाही.

तिसऱ्या रात्री अनोळखी माणसं बॅटऱ्या घेऊन आली आणि पाया खणून काढला. नुसता पाया नाही, शेजारचा बांधही. सकाळी नुसते खड्डे. मग चौकशा सुरू झाल्या. मूळ नाणी कुठंयत, अजून किती होती, लपवली का? त्या माणसाच्या दिवसांवर दिवस हेलपाट्यात गेले. शिशाची नाणी, सोन्याचा कण नाही. मी नंतर भेटायला गेलो तर दारातूनच म्हणाला, "पत्रकार साहेब, तुमची बातमी झाली, माझा गोठा गेला."

आजतागायत त्या घरात मी पाय ठेवू शकलो नाही. आणि त्यापेक्षा वाईट काय झालं माहितीय? त्या शिवारात पुन्हा कधी कुणाला काही 'सापडलं' नाही. सापडत असणारच. पण सांगणार कोण? आता काही लागलं की लोक मुकाट माती लोटतात, नाहीतर एखादा फिरता गिऱ्हाईक येतो आणि शंभर-दोनशे रुपये टेकवून घेऊन जातो. एका बारा ओळींच्या बातमीनं एका गावाचं तोंड बंद केलं. ती बातमी माझी होती.

म्हणून मी आज 'शेतकरी माती विकतात, लोकांना इतिहासाची किंमत नाही' असं लिहिणार नाही. फेसबुकवर तसं लिहिणं सोपं असतं. त्या ट्रॉलीवाल्याशीही मी बोललो. म्हणाला, "आमच्याच बापाच्या जागंतली माती हाय. घर बांधायचंय, उंचवटा सपाट केल्याबिगर बांधता येत न्हाई. तुमच्या खापरासाठी मी पोरांला पत्र्यात ठिवू का?" काय उत्तर देणार? त्याचं चुकत नाही. सोयाबीनला भाव नाही, पोरगं पुण्यात कंपनीत कंत्राटावर, आणि हातात असलेली एकुलती एक जागा नेमकी इतिहासावर.

लोकांच्या मनात एक पक्की भीती आहे. सापडलं म्हणून सांगितलं की जागा जाते. 'पुरातत्त्व' हा शब्द ऐकला की माणूस सातबारा छातीशी धरतो. ती भीती अगदीच हवेतली नाही. राष्ट्रीय स्मारकांच्या भोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट असा कायदा आहेच. तो प्रत्येक पांढरीला लागू होत नाही, पण हे गावात येऊन समजावतं कोण? आणि १८७८ चा निखात निधीचा कायदा म्हणतो की जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही दडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, नाही कळवलं तर गुन्हा. त्याच कायद्यात सरकारनं वस्तू ठेवून घेतली तर मोबदला द्यायची तरतूदही आहे. शिक्षेचं कलम गावाला पाठ आहे. मोबदल्याचं कलम मी आजवर एकाही चावडीवर ऐकलं नाही.

आमच्या पत्रकार जमातीबद्दलही बोलतो. दरवर्षी १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन येतो. त्या दिवशी आम्ही 'तेरचा रोमशी व्यापार' छापतो, तोच फोटो, तेच चार परिच्छेद, खाली 'शासनाचं दुर्लक्ष'. १९ एप्रिलला विषय संपला. नेतेमंडळी येतात, विकास आराखडा म्हणतात, पर्यटन म्हणतात, कोटींचे आकडे सांगतात. रस्ता, कमान, सुशोभीकरण, पेव्हर ब्लॉक. माझा विरोध नाही. रस्ते पाहिजेतच, यात्रेकरूंना सोयी पाहिजेतच. पण कमान बांधायला पाया खणावा लागतो, आणि तेरमध्ये पाया खणला की काय निघतं ते आता तुम्हाला कळलंय. सुशोभीकरण करताना जे झाकलं जातं तोच जर वारसा असेल, तर लोक बघायला येणार कशाला? कमान?

कोटींची वाट बघत बसण्यापेक्षा गावाला स्वतःला जमतील अशा चार गोष्टी मी सुचवतो. बघा पटतात का.

पहिली. ग्रामसभेनं ठराव करून आपली पांढरी कुठं कुठं आहे ते ठरवावं. गावठाणाचं ड्रोननं मोजमाप करून मालमत्ता पत्रकं देण्याची स्वामित्व योजना आहे, तिचे नकाशे हाताशी घ्यावेत, जुनी माणसं सोबत घ्यावीत आणि उंचवटे त्यावर दाखवावेत. सार्वजनिक जागेतली पांढरी भरावाला न्यायची नाही, एवढं एक वाक्य ठरावात यावं. शेताला माती पाहिजे ना? तलावाचा गाळ न्या. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारचीच योजना आहे. गाळानं शेतही सुधारतं आणि तलावही खोल होतो.

दुसरी. ज्याची स्वतःची जागा पांढरीवर आहे त्याला घर बांधू द्या. अडवू नका. फक्त पाया खणताना दोन दिवस कुणीतरी जाणकार तिथं उभा राहिला पाहिजे. संग्रहालयातलं कुणी, कॉलेजातला इतिहासाचा प्राध्यापक, नाहीतर शिकवून तयार केलेली गावातलीच दोन पोरं. फोटो काढायचे, खोली मोजायची, वस्तू बाजूला ठेवायच्या, आणि तिसऱ्या दिवशी घरमालकाचं काम सुरू. घर थांबलं नाही तर लोक सांगतील. घर थांबलं तर कधीच नाही सांगणार.

तिसरी. सापडलेली वस्तू संग्रहालयात गेली की देणाऱ्याला पोच मिळाली पाहिजे, आणि त्याची तयारी असेल तर पाटीवर त्याचं नाव लागलं पाहिजे. लग्नात पाच भांड्यांचा आहेर केला तरी आपण त्यावर नाव घालून देतो. दोन हजार वर्षांची वस्तू देणाऱ्याचं नाव नको? ज्याच्या बापाचं नाव पाटीवर आहे तो पोरगा पाव्हण्यांना घेऊन संग्रहालय दाखवायला स्वतः जाईल. वस्तू कुठल्या शेतात मिळाली ते मात्र पाटीवरही नको आणि पेपरातही नको. हे मी अनुभवानं सांगतोय.

चौथी. जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही करायला लावली. गावात कुठली झाडं, कुठले पक्षी, कुठली औषधी वनस्पती, कुणाला काय माहिती आहे. तशीच एक गावाच्या इतिहासाची नोंदवही करावी. दोनशे पानी रजिस्टर पुरे. कुठल्या आडाला काय नाव, कुठल्या वाड्याची भिंत कधी पडली, रझाकारांच्या वेळी माणसं कुठं लपली, भूकंपाच्या रात्री कोण कुठं होतं, ७२ च्या दुष्काळात कुठल्या कामावर काय मजुरी मिळाली. हे सातवाहनांच्या नाण्यांइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. नाणं अजून शंभर वर्षं जमिनीत राहील. माणूस राहत नाही.

"इतिहासानं पोट भरतं का?" हा प्रश्न खाली कमेंटमध्ये येणार, मला माहिती आहे. नाही भरत. पण पोट भरायला गाव सोडून गेलेल्या पोराला परत यावंसं वाटायला काहीतरी लागतं. एकेकाळी या गावाच्या हातचं कापड समुद्रापार जायचं, इथल्या कारागिराची मूर्ती परमुलखात गेलेल्या मूर्तीच्या तोडीची होती, इथली वीट पाण्यावर तरंगायची. ज्या गावाच्या पोरांना हे ठाऊक असतं ती 'आपण मागासलेल्या भागातले' एवढंच बोलून गप्प बसत नाहीत. मराठवाड्यातल्या माणसाला मागासलेपण इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता तो ते स्वतःच सांगतो. हे थांबवायचं असेल तर आधी पायाखाली काय आहे ते कळलं पाहिजे.

आणि हे फक्त तेरचं नाही. तुमच्या गावालाही पांढरी आहे. तुम्ही लहानपणी जिथं खापराच्या चकत्या करून खेळलात, जिथं पावसानंतर काचेच्या बांगडीचे तुकडे दिसायचे, गुरं जिथं चढून उभी राहायची, तीच ती जागा. तिचं नाव तगर नसेल, ग्रीक माणसानं तिचं काही लिहिलं नसेल. पण तुमचे खापरपणजोबा तिथंच राहिले. गावी गेलात की एकदा जाऊन बघा, आहे का अजून? की सपाट झाली?

त्या लेकराचं काय झालं ते सांगून थांबतो. मी त्याला म्हटलं, चल, हा मणी आपण संग्रहालयात दाखवू. त्यानं मूठ मिटली. म्हणाला, "न्हाई, मग तुमी ठिवून घेताल." दहा वर्षांच्या पोराला सुद्धा हे माहिती आहे. मी म्हटलं, नाही घेत, नुसतं दाखवू. तसलेच अजून तिथं आहेत, तुझा त्यांच्यात बसतो का ते बघू. तयार झाला. आत गेल्यावर काचेला नाक लावून तो मण्यांच्या माळा बघत होता. बराच वेळ. मग मला विचारलं, "काका, हे समदं आमच्या गावातलंय?"

होय, तुमच्याच गावातलं, म्हटलं. मणी त्यानं तिथं दिला का? नाही दिला. खिशात घालून घरी घेऊन गेला. मी आग्रह केला नाही. पण जाताना म्हणाला की दादाला पण घेऊन येतो उद्या.

तेरच्या मित्रांनो, येत्या ग्रामसभेत हा विषय कुणी मांडणार असेल तर मला कळवा. मी येतो, मागं बसतो, आणि या वेळी विचारल्याशिवाय बातमी करत नाही. बाकीच्यांनी आपापल्या गावची पांढरी कुठं आहे आणि तिला काय म्हणतात ते खाली लिहा. जागेचा पत्ता नको, नुसतं नाव लिहा. बघू तरी किती नावं अजून आपल्या लक्षात आहेत.